बेत आपल्या हातात: शिलाई, फुरसत आणि आपण

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारीला हैदराबादमधील एका विद्यार्थी वसतिगृहात, मराठी अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या कार्यक्रमासाठी मला विषय विचारला, तेव्हा मी 'स्वतःचे कपडे घरी शिवण्याचा छंद' असं सांगितलं. आपला संयोजक मित्र थोडा वेळ गप्पच बसला. मग म्हणाला, "ताई, तुझं संशोधन घरी बसून काम करणाऱ्या बायकांवर आहे ना? त्यावर बोल की. सावित्रीबाईंच्या जयंतीला शिवणकाम म्हणजे..." पुढचं तो बोलला नाही, पण मला कळलं. सावित्रीबाईंनी आपल्याला शाळेत नेलं आणि ही बाई आपल्याला परत सुईदोऱ्याकडे न्यायला निघाली! त्याची शंका रास्त आहे. माझ्या आईचीही हीच शंका होती. म्हणूनच मी विषय बदलला नाही.

हा जो निळा कुर्ता मी घातलाय, तो मी शिवलाय. मागच्यांना दिसणार नाही म्हणून सांगते, डाव्या बाहीची शिलाई थोडी वाकडी आहे.

सुरुवात छंदाच्या रकान्यापासून करू. नोकरीचा, शिष्यवृत्तीचा, कसला ना कसला अर्ज तुम्ही भरला असेल. शेवटी 'छंद' असा रकाना असतो. आपण काय लिहितो? वाचन. दुसरं काही सुचत नाही म्हणून वाचन. मीही तेच लिहिलं होतं. मुलाखतीत समोरच्या सरांनी हसत विचारलं, "वाचन हे तर तुमचं काम झालं. छंद काय?" मला उत्तर आलं नाही. माझ्या आधी आत गेलेल्या मुलीने गिर्यारोहण आणि पियानो सांगितलं होतं.

त्या रात्री मी आठवत बसले, आमच्या घरात कुणाला छंद होता का? वडील सुट्टीच्या दिवशी झोपायचे. आजी विड्या वळायची. आई शिवायची. पण आईच्या शिवण्याला कुणी छंद म्हटलं असतं, तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

आम्ही सोलापूरचे. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदाही तिथे मोठा आहे. आमच्या गल्लीत दिवसभर दोन आवाज असायचे. एक विड्या वळणाऱ्या बायकांच्या गप्पांचा, दुसरा शिलाई मशीनच्या खडखडीचा. आई कॉलर शिवायची. फक्त कॉलर. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे सकाळी घरी यायचे, संध्याकाळी शिवलेल्या कॉलरी जायच्या आणि डझनावर पैसे मिळायचे. शेजारच्या काकू खिसे लावायच्या. पलीकडच्या घरी काज-बटण व्हायचं. दोरा आपला, वीज आपली, मशीनचा हप्ता आपला. एखादी कॉलर वाकडी गेली तर तिचे पैसे कापले जायचे. अशी बावीस वर्षं.

मशीनबाबत आईचा एकच नियम होता. मी हात लावायचा नाही. सातवीत असताना एकदा ती बाहेर गेलेली बघून मी चिंध्यांचा काहीतरी झगा शिवायला बसले. तिने येऊन पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "ह्यात हात बसला की उठत नाही. तू पुस्तक घे." मी पुस्तक घेतलं. म्हणून आज इथे उभी आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मशीन नसेल, पण अशी एखादी गोष्ट नक्की असेल जिला हात लावायला आई-वडिलांनी मनाई केली होती. कुणाच्या घरी झाडू असेल, कुणाकडे रापी, कुणाकडे विळा. आपलं शिक्षण या मनाईवर उभं आहे.

आता एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एम.ए.ला असताना मी आईला म्हटलं, माझ्यासाठी एक शर्ट शिव. ती म्हणाली, "मला शर्ट कुठं येतो?" मला वाटलं चेष्टा करते. पण खरंच येत नव्हता. बावीस वर्षं शर्टाची कॉलर शिवणाऱ्या बाईला शर्ट बेतता येत नव्हता. बेतणं तिच्यापर्यंत कधी आलंच नाही. बेतणारा असायचा मास्टर. तो पुरुष, तो कारखान्यात, त्याला पगार. शिवणारी बाई घरात, तिला नगावर पैसे. पूर्ण कपडा कसा उभा राहतो हे त्याच्या डोक्यात, आणि तिच्याकडे फक्त एक तुकडा.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये मांडलेला मुद्दा आपण सगळे परीक्षेत लिहितो. जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे आणि त्यांची उतरंडही लावलेली आहे. मी तो मुद्दा दहा वेळा लिहिला होता. समजला त्या दिवशी, आईच्या कॉलरीकडे बघून. इथे जातीसोबत बाई असणंही आलं. मास्टर कुणी बाई नव्हती.

आणि हे फक्त शिलाईत होतं असं समजू नका. गोपाळ गुरू यांनी २००२ साली एका लेखात भारतातल्या समाजविज्ञानाबद्दल हेच विचारलं होतं. सिद्धांत मांडायचं काम एका वर्गाकडे आणि माहिती गोळा करायचं काम दुसऱ्या वर्गाकडे, ही विभागणी विद्यापीठातही आहे, असं त्यांचं म्हणणं. मी स्वतः दोन प्रकल्पांवर काम केलंय. वस्तीत जाऊन दीडशे घरांची प्रश्नावली मी भरून आणली. प्रश्न कुणी ठरवले आणि निष्कर्ष कुणी लिहिले, हे मला विचारू नका. मीही तिथे कॉलरच शिवत होते.

म्हणून 'बेतणं' हा शब्द आज लक्षात ठेवा. कापड बेतायचं म्हणजे कुठे कापायचं, किती सोडायचं, कुठला तुकडा कुठे बसणार हे आधी ठरवायचं. मराठीत आखणीलाही बेतच म्हणतात.

आता थोडं मागे जाऊ. कपड्याचा प्रश्न आपल्यासाठी कधीच नुसता आवडीनिवडीचा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत असं सांगितलंय. त्याच अध्यायात शूद्राला जुने, जीर्ण कपडे द्यावेत असंही आहे. म्हणजे नवं कापड आपल्या अंगावर पहिल्यांदा चढूच नये, अशी व्यवस्था. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महार बायकांच्या लुगड्याबद्दल लिहिलंय. लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवावा लागायचा. काठ दिसला तर वरच्यांचा अपमान व्हायचा. काठ असलेलं लुगडं अंगावर, आणि काठ दाखवायची बंदी!

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात तर शिवलेल्या कपड्यावरूनच अनेक दशकं संघर्ष झाला. नाडार बायकांना छाती झाकायला मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या बायका 'कुप्पायम' नावाचं शिवलेलं जाकीट घालू लागल्या, त्यावरून मारहाण झाली, कपडे फाडले गेले. शेवटी १८५९ साली राजाने जाहीरनामा काढला. त्यात काय होतं बघा. अंग झाका, जाकीट घाला, जाडंभरडं कापड गुंडाळा, पण उच्च जातींच्या बायकांसारखं नेसू नका. कापडाची परवानगी मिळाली, पण बेत मात्र वरच्यांनी स्वतःकडे ठेवला.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९२७ चं महाड आठवा. मनुस्मृतीचं दहन आपल्याला आठवतं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी स्वतंत्र बोलले. लुगडं आखूड, गुडघ्यापर्यंत नेसू नका, इतर बायका नेसतात तसं घोळदार नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, असा त्यांचा सल्ला होता. अनेक बायकांनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली. शिवणकाम त्यात नव्हतं, पण माझ्या अंगावर काय असेल आणि कसं असेल हे मी ठरवीन, हा निर्णय होता. आणि आज ज्यांची जयंती आहे त्या सावित्रीबाई शाळेत जाताना सोबत एक जादा लुगडं ठेवत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. रस्त्यात अंगावर शेणमाती टाकणारे होते, म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, कपड्याचा हक्क कळला, पण मग कपडे विकत घ्या की. शिवायचे कशाला? तेही हाताने? गांधीजींच्या चरख्याकडे निघालीस का?

बरं झालं, चरखा निघाला. गांधीजींचा यंत्रांना विरोध होता हे आपल्याला माहीत आहे. पण १९२४ साली त्यांनी एका यंत्राला अपवाद केला. ते म्हणजे सिंगरचं शिलाई मशीन. सिंगरने बायकोचे कष्ट बघून प्रेमापोटी ते बनवलं, अशी त्यांची समजूत होती. खरा इतिहास त्याहून रोखठोक आहे. सिंगरच्या आधी इतरांनी यंत्रं बनवली होती, त्याने १८५१ साली आपल्या सुधारणांचं पेटंट घेतलं आणि त्याच्या कंपनीने हप्त्यांवर मशीन विकून जग व्यापलं. आमच्या घरी मशीन आलं तेही हप्त्यानेच.

बाबासाहेबांचं म्हणणं याच्या अगदी वेगळं होतं. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या पुस्तकात त्यांनी यंत्राची बाजू घेतली, ती कशासाठी? फुरसतीसाठी. त्यांचा युक्तिवाद असा की, माणूस आणि जनावर यांच्यातला फरक म्हणजे संस्कृती. नुसत्या पोटासाठी राबणाऱ्याला संस्कृतीचं जीवन शक्य नाही, त्यासाठी फुरसत लागते. फुरसत पाहिजे तर यंत्र पाहिजे. थोड्यांची फुरसत बाकीच्यांच्या राबण्यावर उभी असेल तर ती लोकशाही नव्हे. फुरसत सगळ्यांची पाहिजे.

हे वाचून मला मुलाखतीतला रकाना परत आठवला. छंद नसणं ही माझी उणीव नव्हती. आमच्या घरात तीन पिढ्या फुरसतच नव्हती. ज्या वेळेचा कुणाला हिशोब द्यायचा नाही, ज्यातून पैसे यायची अपेक्षा नाही, चुकलं तर कुणी पैसे कापणार नाही, असा वेळ म्हणजे फुरसत. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी, थकलेली फेलोशिप एकदम हातात आल्यावर, मी जुन्या बाजारातून एक काळं हातमशीन आणलं. सहावीस वर्षांची झाले होते. पहिल्यांदा मशीनला हात लावला तेव्हा खरं सांगते, मागे वळून बघितलं, आई आहे का म्हणून.

आता थोडं शिवण्याबद्दल बोलते. नाहीतर तुम्ही म्हणाल, विषय शिलाईचा आणि शिलाईच नाही.

पहिला कुर्ता जुन्या चादरीचा शिवावा. नवं कापड कापायला हात धजत नाही, आणि धजला तर पस्तावतो. नवं सुती कापड आणलं तर आधी पाण्यातून काढून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता आटतो. मग माप. हे सगळ्यात अवघड. गणितामुळे नाही, लाजेमुळे. छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा, बाही, उंची. दुकानात आपण 'एम' की 'एल' एवढंच सांगतो. ते बसलं नाही तर आपल्याला वाटतं शरीरच चुकलंय. टेप घेऊन स्वतःचे आकडे कागदावर लिहिले की कळतं, त्यांच्या साच्यात माझं शरीर धरलेलंच नव्हतं.

मग कापडाला दोन घड्या घालून चौपदरी करायचं, म्हणजे पुढचा-मागचा भाग एकदम बेतता येतो. छाती ३६ इंच असेल तर चौथा भाग ९, त्यात १ इंच सैलपणा आणि १ इंच माया. म्हणजे ११ इंचांवर खडूची खूण. शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं तर शिलाई उसवून कपडा वाढवता येतो, तो या मायेमुळे. रेडिमेड कपडे उलटे करून बघा, माया जेमतेम असते. कापड वाचवायचं असतं त्यांना.

मी पहिल्या कुर्त्याच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा जास्त खोल असतो, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्यात पुढचा आणि मागचा गळा सारखाच खोल झाला. उसवणं हे शिवण्याएवढंच शिकावं लागतं. आपल्यासारख्यांना चूक करायची सवयच नसते हो. शाळेपासून आपण एकेक गुण मोजत आलोय. आपली एक चूक म्हणजे 'बघा, कोट्यातले आहेत' असं ऐकायची तयारी. चुकलं, उसवलं, परत शिवलं, आणि कुणालाच काही कळलं नाही, असं एखादं काम आयुष्यात असावं. मला प्रबंधाचं दुसरं प्रकरण फाडून नव्याने लिहायचं धैर्य तिथून आलं, असं माझं मत आहे. मार्गदर्शकांचं मत वेगळं असू शकतं.

आणि खिसे! मुलींनो, आपल्या कपड्यांना खिसे का नसतात? बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे बघा. कोटाच्या खिशाला पेन. मी शिवलेल्या प्रत्येक कुर्त्याला दोन खिसे असतात. एकात फोन, एकात चावी आणि पेन. आपलं सामान ठेवायला जागा असणं ही छोटी गोष्ट नाही.

आता पैशाचा हिशोब. घरी शिवलेलं स्वस्त पडतं, या समजुतीत राहू नका. अडीच मीटर कापड, दोरा, बटणं धरली की रस्त्यावर मिळणाऱ्या कुर्त्याएवढा खर्च होतो, कधी जास्तच. आणि माझा वेळ धरला तर? मला एका कुर्त्याला आठ तास लागतात. त्या तासांना मजुरी लावली तर माझा हा कुर्ता या वसतिगृहातला सगळ्यात महाग कपडा ठरेल. मी हा हिशोब पहिल्यांदा मांडला तेव्हा पेन तिथेच थांबलं. मग तो तीनशे रुपयांचा कुर्ता तीनशेला कसा मिळतो? सराईत हात माझ्या कितीतरी पट वेगाने शिवतो, मान्य. तरीही त्यात कुणाचे तरी तास आहेत आणि त्यांची किंमत लागलेली नाही. एक कपडा स्वतः शिवला की बाजारातली प्रत्येक शिलाई वाचता येते. माझ्या मते या छंदाचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

त्या तासांमागच्या बायका कोण आहेत? एप्रिल २०१६ मध्ये बंगळुरूत कापड कारखान्यांतल्या हजारो बायका अचानक रस्त्यावर आल्या. भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढण्यावर सरकारने नवी बंधनं आणली होती. दोन दिवसांत सरकारला नियम मागे घ्यावा लागला. जानेवारी २०२१ मध्ये तामिळनाडूच्या दिंडीगूल भागात एका तरुण दलित शिलाई कामगार मुलीचा खून झाला. आरोप तिच्याच सुपरवायझरवर होता. त्यानंतर दलित बायकांच्या पुढाकाराने चाललेल्या एका कामगार संघटनेने लढा दिला आणि २०२२ मध्ये कंपनी व परदेशी ब्रँडांसोबत करार झाला. तो 'दिंडीगूल करार' म्हणून ओळखला जातो. कामाच्या जागी लैंगिक छळ आणि जातीय छळ, दोन्हींविरुद्ध कामगारांना त्यात अधिकार मिळाले. आपण छंद म्हणून मशीन चालवू तेव्हा या बायका आपल्या मनात असल्या पाहिजेत. त्या नसतील, तर आपला छंद म्हणजे नुसती हौस.

अजून एक धोका आहे, आणि तो गोड भाषेत येतो. हल्ली 'हाताने बनवलेलं', 'पारंपरिक कारागिरी' याचं फार कौतुक चाललंय. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात अठरा व्यवसाय आहेत. शिंपी आहे, चांभार आहे, परीट, न्हावी, टोपल्या-झाडू बनवणारे आहेत. अवजारांसाठी पैसे मिळतात, प्रशिक्षण मिळतं, कर्ज मिळतं. गरजूने ते जरूर घ्यावं, माझी हरकत नाही. पण योजनेत गुरु-शिष्य परंपरेची आणि कुटुंबातून चालत आलेल्या धंद्याची भाषा आहे. तामिळनाडू सरकारने नेमकं यावरच बोट ठेवलं. कुटुंबाच्या परंपरागत धंद्याची अट काढा, असं सांगितलं, २०२४ मध्ये योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला आणि ती अट नसलेली स्वतःची योजना आणली. प्रश्न साधा आहे. चांभाराच्या मुलीला शिंपीकाम शिकायचं असेल तर? आणि शिंप्याच्या मुलाला शिवायचंच नसेल तर?

संत नामदेव जातीने शिंपी होते. पंढरपूरपासून पंजाबपर्यंत गेले. त्यांची पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. कात्री आणि सुई त्यांनी कवितेत नेली, पण त्यांना कात्रीपाशीच बसवून ठेवलं असतं तर ती कविता आपल्यापर्यंत आली असती का? ऊर्मिला पवार यांच्या आई आयदानं, म्हणजे बांबूच्या टोपल्या विणायच्या. लेकीने आत्मकथेला नावच 'आयदान' दिलं. आईची वीण आणि आपलं लिहिणं यांत त्यांना नातं दिसलं. पण ते नातं दिसण्यासाठी लेकीला विणण्याची सक्ती नसावी लागते.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. जे काम तुम्ही उद्या खाली ठेवू शकता, आणि ठेवलं तर चूल बंद पडत नाही, तो छंद. जे ठेवता येत नाही ते काम, आणि त्याला पूर्ण मजुरी, पूर्ण सुट्टी, पूर्ण मान मिळाला पाहिजे. कामाला छंद म्हणून कुणाची मजुरी बुडवू नका. 'घरबसल्या बायका हौसेने शिवतात' असं म्हणूनच माझ्या आईचे पैसे कापले गेले. उलट बाजूही सांगते. तुम्ही शिवता हे कळलं की लोक येतील. "माझ्या ब्लाउजची बाही आत घे ना", "साडीला फॉल लावून दे ना". नाही म्हणायला शिका. मुलींनी तर खास. नाही म्हणता आलं, तरच तो वेळ तुमचा.

आता आईचं सांगते आणि थांबते.

मागच्या मे महिन्यात मी हा कुर्ता घालून घरी गेले. आईने काम सोडून दोन वर्षं झाली आहेत. कंबर आणि डोळे, दोन्ही गेले. मी म्हटलं, आई, मी शिवलाय. तिचा चेहरा उतरला. "ह्यासाठी शिकवलं का तुला?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस नीट बोलली नाही. मी तिला फुरसत, बाबासाहेब, १९४५, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भाजी निवडत राहिली.

तिसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेला कुर्ता तिने काढला, उलटा केला आणि शिलाया बघू लागली. कापडातल्या माणसाची हीच ओळख, तो आधी आतली बाजू बघतो. म्हणाली, "कॉलर कुणी लावली?" मी म्हटलं, मीच. "मला विचारून लावायची. टोकाला कापड जमा झालंय." मग तिने ती उसवली. मी मोजून बघितलं, पुन्हा लावायला तिला चार मिनिटं लागली. मला एक तास लागला होता.

मग मी वर्तमानपत्र पसरलं आणि म्हटलं, बस, तुझा ब्लाउज बेतू. तिचं माप मी घेतलं. तिने आयुष्यात ब्लाउज कायम बाहेरून शिवून घेतले, कुणीतरी दिलेल्या जुन्या मापावर. छातीचा चौथा भाग, सैलपणा, माया, मुंढ्याची गोलाई, टक्स, सगळं मी पेन्सिलीने काढून दाखवलं. ती चष्मा सारून बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "एवढंच असतंय होय हे?"

मित्रमैत्रिणींनो, त्या वाक्यावर मला अख्खा प्रबंध लिहिता येईल, पण मी लिहिणार नाही. बावीस वर्षं तिच्यापासून जे दूर राहिलं, ते दोन पानांच्या वर्तमानपत्रावर मावलं होतं. तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि कापडावर पहिली रेघ स्वतः ओढली. ब्लाउज तिने बेतला, तिनेच शिवला. आतल्या बाजूला पैसे ठेवायला एक छोटा खिसा शिवला. मी माया एक इंच सांगितली होती, तिने दीड ठेवली. म्हणाली, "बायकांचं अंग बदलतं. ठेवावी जरा जास्त."

ती अजूनही याला छंद म्हणत नाही. 'टाइमपास' म्हणते. आणि माझ्या कुर्त्याबद्दल तिचा राग पूर्ण गेलाय असंही नाही. परवा फोनवर तिने आधी विचारलं, प्रबंध कुठवर आला. मग विचारलं, कळ्यांचा घेर कसा बेततात. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला द्यायची आहेत. दुसऱ्याचं दिलंय.

माझ्या खोलीतलं हातमशीन आपण रविवारपासून खालच्या वाचनालयाशेजारच्या खोलीत ठेवतोय. वॉर्डनची परवानगी घेतली आहे. दुपारी चार वाजता या. मुलांनीही या, तुमच्या शर्टाची बटणं तरी तुम्हाला लावता आली पाहिजेत. येताना एक जुनी चादर आणा. टेप, खडू, कात्री माझ्याकडे आहे. आणि हो, ज्यांच्या घरी आई, आजी, काका कुणीही शिवतं, त्यांनी फोन करून एवढंच विचारून या की त्यांना बेतता येतं का. नसेल येत, तर शिकून घ्या आणि सुट्टीत जाऊन त्यांना शिकवा.

जय भीम. जय सावित्री.